राखी रंगाची पट्टी

गोदावरीने जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी कापून तांबड्या खारव्यावर ठेवली आणि वेणीमाधव मास्तरांच्या हातातली चहाची कपबशी किंचित कलली. रविवारची सकाळ होती. माजघरात पाय पसरून गोदावरी वाकळ शिवायला बसली होती. लुगड्याचे अंग विरून गेले होते, पण काठाला लागून असलेली दोन बोटे रुंद राखी पट्टी अजून घट्ट होती. म्हणून तिने ती वेगळी केली होती आणि कुठे लावावी याचा अंदाज घेत ती इकडे तिकडे ठेवून बघत होती. मास्तर शाळेत चित्रकला शिकवीत. रंग कुठेही दिसला तरी त्यांची नजर तिथे आपोआप जाई, आणि या सवयीचा त्यांना थोडा अभिमानही होता. तशी ती आताही गेली. पट्टी हिरवट दिसत होती. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरण्याच्या आधी जी झाक येते, तशी.

"ही पट्टी कुठली?"

"कुठली म्हणजे? तुमच्या गुरुलिंगशेटनी दिलेल्या लुगड्याची. तीन वर्षं माझ्या अंगावर बघताय की."

"ती तांबूस होती. ही हिरवट आहे."

"चष्मा पुसा," गोदावरी म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मास्तरांनी चष्मा खरेच पुसला. मग ते खाली बसले. तिच्या हाताखालून पट्टी ओढून त्यांनी ती उरलेल्या हिरव्या कापडावर ठेवली. पट्टी तांबूस झाली. उचलून पुन्हा तांबड्यावर ठेवली, हिरवट झाली. चार वेळा, पाच वेळा. कुणीतरी आपल्याला वेडावते आहे आणि ते कोण हे दिसत नाही, असे त्यांना वाटले. शेवटी त्यांनी कात्री घेऊन पट्टीचा वीतभर तुकडा कापला, त्याचे दोन भाग केले, एक हिरव्यावर ठेवला आणि एक तांबड्यावर. दोन रंग. अगदी वेगळे, दोन आयांच्या पोटचे. मग दोन्ही उचलून त्यांनी आपल्या मांडीवर, पांढऱ्या धोतरावर शेजारी शेजारी ठेवले. रंग एकच होता. राखेचा, चुलीतल्या थंड राखेचा. ना तांबूस, ना हिरवट.

"काय पोरखेळ मांडलाय सकाळी सकाळी? टाके कधी घालू मी?"

दोन्ही तुकडे, तांबड्या खारव्याची एक चिंधी आणि हिरव्या लुगड्याची एक चिंधी मास्तरांनी कोटाच्या खिशात घातली. "शाळेला हवंय का?" गोदावरीने विचारले. ते "हो" म्हणाले. रविवारी कसली शाळा, हे तिने विचारले नाही. त्यांनीही टोपी घालताना आरशात पाहिले नाही.

गावातला मार्शल लॉ उठून दोन वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. मधल्या मारुतीजवळ गुरुलिंगशेटची कापडाची पेढी. शेट सूत विकत घेत, रंगवून घेत, साखर पेठेतल्या तेलुगू साळ्यांच्या मागांवर लुगडी विणून घेत आणि बार्शी-नातेपुत्यापर्यंत पाठवीत. एकदा शाळेच्या प्रदर्शनात मास्तरांनी काढलेले नक्षीचे कागद त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आम्हालाही एक काठ काढून द्या की. नवीन पाहिजे, लोकांनी वळून बघावं असा." त्या एका वाक्यावर मास्तर दोन महिने जगले. रोज शाळा सुटली की कंदिलाची काच पुसून बसायचे, पाण्याचे रंग कालवायचे, कागद फाडायचे. शेवटी त्यांना सुचले की भडक काठ आणि भडक अंग यांच्यामध्ये एक शांत पट्टी असावी. राखी. दोन मोठ्याने बोलणाऱ्या माणसांमध्ये एक गप्प माणूस बसावा तशी. ही उपमा त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण ती त्यांची स्वतःची होती. पांढऱ्याशुभ्र कागदावर ती पट्टी त्यांनी रंगवली. तो कागद शेटनी मडिवाळप्पा रंगाऱ्याकडे पाठवला, आणि बार्शीच्या एका लग्नघरासाठी वीस लुगडी विणली गेली. दहा तांबडी, दहा हिरवी. सगळ्यांना तीच पट्टी.

वीसही परत आली. बार्शीकरांनी निरोप पाठवला की पट्टी एकाच रंगाची ठरली होती. तांबड्या लुगड्यात ती हिरवट आहे, हिरव्यात तांबूस. सूत दोन जागचे आहे, आमची फसवणूक झाली.

मग गुरुलिंगशेटनी मास्तरांना बोलावले. त्या दुपारचे मास्तरांना सगळे आठवत होते, आणि आज बाळीवेशीकडे, मडिवाळप्पाच्या घराकडे चालताना तर पायांखालचा रस्ता दिसेना, ती दुपारच दिसू लागली. पेढीच्या पांढऱ्या गादीवर चार-सहा व्यापारी लोडाला टेकून बसलेले. "या मास्तर, वर या, असे मध्ये बसा," म्हणून त्यांना सरकून जागा करून दिलेली. उभ्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी असे सरकले नव्हते. शाळेतही शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या मास्तरची खुर्ची दाराशी, जिथे वारा येतो आणि कुणी ना कुणी पाय लावून जातो. इथे त्यांच्या पुढ्यात पानाचे तबक होते. समोर दोन लुगडी पसरलेली. आणि मडिवाळप्पा खाली पायरीवर उभा, साठीचा, कोपरापर्यंत निळा. नीळ, हिरडा, हिराकस यांत जन्म गेलेला माणूस. तो गादीवर कधी चढत नसे. रंगाचे हात गादीला लागतील म्हणून त्याची त्यालाच काळजी.

"सूत येकच हाय शेट," तो म्हणाला. "येका पातेल्यातलं. येका दिसाचं."

"मग हे काय आहे? आंधळा आहे का मी?"

"जर्मन रंगाची पुडी मिसळली असेल अर्ध्यात," लोडावरून कुणीतरी म्हणाले. "हिरड्याला वेळ लागतो ना."

तेव्हा मडिवाळप्पाने बंडीत हात घातला, गळ्यातल्या चांदीच्या डबीतले इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवले आणि उजवा हात त्यावर धरला. गादीवरची हालचाल थांबली. "ह्याच्यावर हात ठिवून सांगतो. सूत येक. रंग येक." त्याने मास्तरांकडे पाहिले. ती नजर मास्तरांना आज आठवली. तेव्हा त्यांना ती विनवणीची वाटली होती. आज ते तिला नाव देऊ धजेनात.

शेट म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा. तुमचा डोळा शिकलेला."

मास्तरांनी लुगडी उचलली, उजेडात नेली, एकदा ही, एकदा ती. पुन्हा पुन्हा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. तो क्षण संपूच नये असे त्यांना वाटत होते, हे आता कबूल करायला हवे. मग ते बोलले. एरवी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत त्यांचा आवाज पोचत नसे. त्या दिवशी तो असा खणखणीत निघाला की रस्त्यापलीकडचा पानवाला मागे वळून बघू लागला.

"रंग दोन आहेत. डोळ्याला शपथ लागत नाही, मडिवाळप्पा."

व्वा, असे कुणीतरी म्हणाले. मडिवाळप्पाने लिंग पुन्हा डबीत ठेवले. झाकण लवकर लागेना. तो पायरी उतरून गेला. शेटनी त्यातलेच एक हिरवे लुगडे कागदात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिले. "वैनींना. नाही म्हणू नका." मास्तर नाही म्हणाले नाहीत.

ते वाक्य मास्तरांच्याही पुढे गेले. महिनाभरात त्यांनी ते धान्याच्या अडतीत ऐकले, टांगेवाल्याच्या तोंडी ऐकले. ते कुणाचे हे लोकांना ठाऊक नव्हते. बोलणारा पुढे गेला की मास्तर वळून पाहत आणि गालातल्या गालात हसत. गोदावरीला त्यांनी दोनदा सांगितले होते की, ते माझे आहे बरे का. मडिवाळप्पाला मात्र मग कुणी सूत दिले नाही. रंगाऱ्याची चूक माफ होते. लिंग हातावर घेऊन खोटे बोललेल्या माणसाशी व्यवहार कोण करणार? लग्नाकार्यात त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, असेही मास्तरांच्या कानावर आले होते. ऐकून ते हळहळले होते. हळहळताना, म्हाताऱ्याने शपथ घ्यायलाच नको होती, असे मनात म्हणाले होते.

आणि ते कोण म्हणाले होते? ज्याने पंचवीस वर्षे पोरांना डोळा फसवायलाच शिकवले तो. एका बाजूने पेन्सिल घासली की सपाट कागदावर चेंडू फुगतो. दोन रेघा वर जाताना जवळ आणल्या की कागदात रस्ता शिरतो. मास्तरांच्या लहानपणी बार्शीत नाटक कंपनी आली होती. पडद्यावर राजवाड्याचा लांबच लांब सोपा रंगवलेला, खांबामागे खांब. सकाळी तंबू रिकामा असताना सात वर्षांचा वेणू त्या सोप्यात शिरायला धावला आणि नाक आपटून पडला. पडदा सावरणारी माणसे पोट धरून हसली. त्या दिवशी लाजेने तो रडला, आणि त्याच दिवशी त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. डोळ्याइतका भोळा साक्षीदार नाही, हे ज्याला सातव्या वर्षी नाक फुटून कळले, त्याने पेढीवर बसून डोळ्याला देव केले. का? कुणी सरकून जागा दिली म्हणून.

भाजीवाल्यांच्या ओळीत एक बाई वांगे परत करीत होती. "किडकं हाय. डोळ्याला शपथ लागत न्हाय, मावशी." मास्तर डोके खाली घालून पुढे सरकले. छत्री असती तर त्यांनी ती उन्हाच्या निमित्ताने उघडली असती.

मडिवाळप्पाचे घर सापडायला वेळ लागला नाही. पूर्वी गल्लीच्या तोंडापासून हिरड्याचा तुरट वास यायचा आणि गटारातून निळे-तांबडे पाणी वाहायचे. आज गटार साधे होते, सगळ्या गटारांसारखे. अंगणातली रंगाची पातेली पालथी घातलेली, एकावर कोंबडी बसलेली. ओसरीवर म्हातारा रहाटासमोर बसून सुताच्या कांड्या भरत होता. साळ्यांच्या घरात हे काम बायका करतात. आणि त्याचे हात स्वच्छ होते. हे मास्तरांना अपेक्षित नव्हते. कोपरापर्यंत फिकट, सुरकुतलेले, कुणा परक्याचे हात.

"बर्री मास्तर, कुंदर्री," त्याची बायको गंगम्मा दारातून कानडीत म्हणाली आणि बसायला चटई टाकून गूळ-पाणी आणायला आत गेली. मास्तर चटईच्या काठावर टेकले.

"शरणु," मडिवाळप्पा म्हणाला. रहाट थांबला नाही. "आज हिकडं कुटं?"

"मला काही... सांगायचं होतं."

"सांगा की."

रस्ताभर जुळवलेली वाक्ये पुस्तकातली वाटू लागली. शेवटी मास्तरांनी खिशातून चिंध्या काढून चटईवर पसरल्या आणि त्यांवर एकेक राखी तुकडा ठेवला. मडिवाळप्पाने तुकड्यांकडे एकदा पाहिले, मग बराच वेळ मास्तरांच्या तोंडाकडे.

"आज दिसलं व्हय?"

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"रंगाऱ्याला ठावं नसंल तर कुनाला आसंल?" तो हसला. हसण्यात कडवटपणा असता तर मास्तरांना बरे वाटले असते. "माझा बा म्हनायचा, रंग लई गरीब. शेजारी ज्ये ठिवाल तसा बदलतो. तांबड्याजवळ राखी घालायची आसंल तर बा त्यात चिमूटभर तांबडी मंजिष्ठ टाकायचा, मग ती राखी दिसायची. तुमाला मी म्हनलो हुतो की. तुमच्या शाळंच्या दाराशी."

म्हणाला होता. शाळा सुटायची वेळ, पोरांचा गलका, फाटकाशी निळ्या हातात तो कागद जपून धरून उभा राहिलेला म्हातारा. मास्तर, तांबड्यासाठी जरा तांबूस करू का, हिरव्यासाठी येगळं? आणि आपण घड्याळ बघत म्हणालो होतो, कागदावर आहे तस्सा हवा, तुमचं काही मिसळू नका. हे आपण विसरलो होतो का? नाही. पेढीवर ते आठवलेच होते, आणि आठवून आपल्याला असे वाटले होते की याच्या मनात मिसळायचे पहिल्यापासून होते. म्हणूनच तर आवाज इतका खणखणीत निघाला.

"मग त्या दिवशी हे का नाही बोललात? सगळ्यांसमोर?"

"काय बोलायचं? मास्तरांनीच तसा मागितला म्हनून? तुमची पैली नक्षी. कागुद काडताना किती खपला आसाल, दिसत हुतं की कागदात. चार लोकांत त्ये कशाला काडायचं? मला वाटलं, लिंग हातावर घेतलं म्हंजी झालं. त्याच्या म्होरं आनि काय लागतंय?"

"ह्येंनी तुमची अब्रू झाकली, मास्तर," गंगम्मा पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "आन् तुमी ह्येंची..."

"गंगम्मा. गप."

गुळाचा खडा ताटलीत तसाच राहिला. मास्तर एकदम उठले आणि म्हाताऱ्याच्या पायांकडे वाकले. मडिवाळप्पाने विंचू चावल्यासारखे पाय मागे ओढले.

"न्हाय, न्हाय. हितं नगा. हितं कोन हाय बघाय? मी आन् ही. आमाला ठावंच हाय." त्याने तुटलेला दोरा शोधून गाठ मारली. "जितं म्हनलात तितं म्हना. म्हनायचंच आसंल तर."

त्याने रहाट पुन्हा फिरवला.

पेढीवर दुपारची गर्दी होती. गादीवर तेच लोड, बहुतेक तीच माणसे. मास्तरांनी गुरुलिंगशेटना खुणेने आतल्या खोलीत बोलावले आणि गठ्ठ्यांच्या मध्ये उभे राहून, अडखळत, तुकडे काढून सगळे सांगितले. शेट ऐकत होते. चेहऱ्यावर आश्चर्य येईल म्हणून मास्तर वाट बघत राहिले. ते आले नाही.

"मास्तर," शेट हलक्या आवाजात म्हणाले, "मला पुढच्याच आठवड्यात कळलं. दोन्ही लुगड्यांतले दोरे उसवून तळहातावर शेजारी ठेवले. एकच होते."

"मग तुम्ही..."

"कसं बोलणार? तुम्हाला मी बोलावलं. शिकलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं? तुम्ही बोललात ते गावभर झालेलं. तुमचं खोटं ठरलं की माझ्या गादीचं खोटं ठरतं. आणि मडिवाळप्पाचं म्हणाल तर भागतंय की त्याचं. मी दिवाळीला धान्य पाठवतो. तो परत पाठवतो, ते सोडा." त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता उकरू नका. घरी जा. मी कुणाला बोललो नाही, बोलणार नाही."

आणि मास्तरांना हायसे वाटले. छातीवरून एक जड हात उचलला जावा तसे, शरीरभर, उबदार. कुणाला कळणार नाही. रंगाऱ्याने झाकले, शेटने झाकले, आता आपण फक्त घरी जायचे. गोदावरीने पट्टी वाकळेला लावली असेल. वाकळ पांघरून झोपले की त्या पट्टीचा रंग कुणाला दिसतो? मग ते हायसे वाटणेच त्यांना दिसले, मांडीवर पांढऱ्या धोतरावर ठेवलेल्या तुकड्यासारखे, त्याच्या खऱ्या रंगात. इतकी लाज त्यांना सकाळपासून वाटली नव्हती. चूक करताना आपण निदान आंधळे होतो.

ते बाहेर आले. लोडावरून कुणीतरी ओळखीचे हसले. "काय मास्तर, आज पुन्हा निवाडा? या, बसा. तुमचं ते वाक्य, डोळ्याला शपथ लागत नाही, आमच्या पोरालासुद्धा पाठ आहे बरं का!" माणसे सरकली. गादीवर मधोमध एक पांढरी, रिकामी जागा झाली.

मास्तर तिच्याजवळ गेले नाहीत. ते दोन पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीवर, जिथे मडिवाळप्पा उभा होता तिथे, तोंड गादीकडे करून उभे राहिले. खिशातल्या चिंध्या त्यांनी मुठीत धरल्या होत्या, पण काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर लोक खेळ बघत बसले असते, व्वा म्हणाले असते. मागे शेट दारात आले होते आणि मान हलवीत होते, नको नको अशी. मास्तर बोलले. वर्गात निघतो तसा आवाज निघाला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याच्या घुंगरांत बुडून गेला.

"काय म्हणालात मास्तर?" लोडावरचा माणूस कानामागे हात धरून पुढे वाकला. "ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं बोला की."

टांगा पुढे गेला. पेढी शांत झाली. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मडिवाळप्पाची शपथ खरी होती," मास्तर म्हणाले. "खोटं मी बोललो."

रस्त्यापलीकडचा पानवाला मागे वळला.